वचन जमेला, खर्च कुणाच्या नावे?

ब्रिटनमध्ये निवडणूक जाहीर झाली की पहिल्या आठवड्यातच एक दृश्य हमखास दिसते. पक्षाचा नेता कोट काढून, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून एखाद्या इस्पितळाच्या वॉर्डात उभा असतो आणि खाटेवरच्या आजीबाईंची विचारपूस करतो. पुढच्या एखाद्या आठवड्यात दुसरे दृश्य येते. जागा न मिळालेल्या, तारीख न मिळालेल्या कुणा रुग्णाचा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकतो आणि दोन दिवस देशात दुसरा विषय राहत नाही. नेता हुजूर पक्षाचा असो वा मजूर पक्षाचा, ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ म्हणजे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा मोडीत काढा, असे म्हणून मत मागायला तो धजत नाही. नायजेल लॉसन हे मार्गारेट थॅचरबाईंचे अर्थमंत्री. सरकारी खर्चाला कात्री लावण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनीसुद्धा या सेवेची तुलना धर्माशी केली होती.

मग सगळेच जर भक्त, तर भांडण कशाचे?

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते शेवटपर्यंत पुरते : प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. कुणाच्या तरी खात्यात जमा झाले, तर कुणाच्या तरी नावे पडलेच पाहिजे. ब्रिटनच्या निवडणुकांतला आरोग्यसेवेवरचा वाद मी या चष्म्यातून पाहत आलो आहे आणि मला तो विलक्षण वाटत आला आहे. जमेची बाजू सगळे पक्ष मोठ्या अक्षरांत लिहितात. नावेची बाजू मतदान होईपर्यंत कोरी राहते.

सुरुवातीपासून पाहू. या सेवेचा आराखडा १९४२ च्या डिसेंबरात सर विल्यम बेव्हरिज यांच्या अहवालाने मांडला. बेव्हरिज यांचा जन्म आपल्याच बंगालात, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरचा; वडील आयसीएस अधिकारी. युरोपातले महायुद्ध संपताच १९४५ च्या निवडणुकीत चर्चिलसारख्या युद्धविजेत्याला घरी बसवून मतदारांनी मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या आणि आराखडा प्रत्यक्षात आणायचे काम अन्यूरिन बेव्हन या वेल्समधल्या माजी खाणकामगाराकडे आले. बेव्हन ज्या ट्रेडेगर गावचे, तिथे खाणकामगार पगारातून थोडे थोडे पैसे कापून देत आणि त्यातून सगळ्या गावाच्या औषधपाण्याची सोय होई. तीच कल्पना त्यांनी देशभर नेली. फरक एवढाच, की वर्गणीच्या जागी मुख्यतः कर आला.

आज सांगितले तर खरे वाटणार नाही, पण १९४६ मध्ये या कायद्याविरुद्ध हुजूर पक्षाने संसदेत मतदान केले होते. मोफत उपचाराचे तत्त्व त्यांना मान्य होते, सगळी इस्पितळे सरकारजमा करण्याची पद्धत मान्य नव्हती. डॉक्टरांच्या संघटनेने १९४८ च्या फेब्रुवारीत मत घेतले, तेव्हा दहांतले जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात गेले. मोठ्या डॉक्टरांना खासगी रुग्ण तपासायची मुभा ठेवून बेव्हन यांनी त्यांना वळवले आणि ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. त्याच १९४६ साली आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. हे भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्यांनीही मांडले होते. तिकडे ते तत्त्व निवडणुकीचा मुद्दा झाले. इकडे तो अहवाल विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात राहिला.

नावेची बाजू पहिल्यांदा पुढे आली ती तीनच वर्षांत, आणि ती दातांच्या कवळीवरून. सेवा सुरू होताच कवळ्या आणि चष्मे यांसाठी अशी झुंबड उडाली की अंदाजपत्रक कोलमडले. वर्षानुवर्षे लोक दातांवाचून आणि नजरेवाचून दिवस काढत होते, हे त्या झुंबडीने दाखवून दिले. त्यात कोरियाचे युद्ध आले. १९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळी आणि चष्म्याच्या निम्म्या किमतीचा भार रुग्णावर टाकला. बेव्हन यांनी तडकाफडकी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्यांत हॅरॉल्ड विल्सन होते, जे पुढे पंतप्रधान झाले. त्याच ऑक्टोबरात निवडणूक झाली. मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा मते जास्त पडली, जागा मात्र कमी, आणि सत्ता गेली.

नव्या सरकारने १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार लावला आणि पुढच्याच वर्षी ही सेवा देशाला परवडते का, हे तपासायला केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ गिलबो यांची समिती नेमली. उधळपट्टी उघडी पडेल, अशी अनेकांची अपेक्षा होती. १९५६ च्या जानेवारीत अहवाल आला तो उलटा. राष्ट्रीय उत्पन्नातला या सेवेचा वाटा १९४९-५० साली पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ पर्यंत सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता. तेव्हापासून हुजूर पक्षानेही हा देव मानला. औषधाच्या चिठ्ठीचा आकार मात्र पक्षांच्या सोयीने येत-जात राहिला. विल्सन यांनी पंतप्रधान झाल्यावर १९६५ मध्ये तो रद्द केला आणि १९६८ मध्ये त्यांनीच परत आणला. २०२४ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये तो ९ पौंड ९० पेन्स झाला. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने तो काढून टाकलेला आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कुठलीही वस्तू अपुरी असली की ती वाटायचे दोनच मार्ग असतात : एक किंमत, दुसरा रांग. वशिल्याचा तिसरा मार्ग आपल्याला ठाऊक आहे, पण तो तूर्त बाजूला ठेवू. अमेरिकेने मुख्यतः किंमत निवडली, ब्रिटनने रांग निवडली. इस्पितळाच्या दारात पैसे मागायचे नाहीत असे ठरवले, की कमी पडलेल्या पैशांची किंमत रुग्ण दिवसांनी आणि महिन्यांनी मोजतो. प्रतीक्षायादी हेच त्याचे बिल. म्हणून तिथल्या निवडणुकीत प्रतीक्षायादीचा आकडा हाच सरकारचा ताळेबंद समजला जातो.

थॅचरबाईंनी हे ओळखले होते. १९८२ मध्ये खासगी विम्याचा विचार करणारा एक सरकारी टिपणवजा कागद बाहेर फुटला आणि गदारोळ झाला, तेव्हा ब्रायटनच्या पक्ष-अधिवेशनात ही सेवा आमच्या हाती सुरक्षित आहे, असे त्यांना जाहीर करावे लागले. १९८७ च्या प्रचारात, मतदानाला आठवडा उरला असताना, आपण स्वतः खासगी उपचार का घेतो हे त्यांनी पत्रकारांना सांगितले : हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळी, हव्या त्या डॉक्टरकडे जाता यावे म्हणून. पक्षाच्या कचेरीत घबराट पसरली. तरीही त्या शंभरावर जागांच्या बहुमताने निवडून आल्या. रांगेत उभ्या असलेल्या मतदारांनी रांग टाळणाऱ्या बाईंना निवडले, कारण त्या दिवसांत त्यांना घराचा हप्ता आणि कर यांची काळजी अधिक होती.

या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी निवडणूक १९९२ ची. २४ मार्च रोजी मजूर पक्षाने टीव्हीवर एक छोटी प्रचारफिल्म दाखवली. दोन लहान मुली, दोघींना कानाचा एकच विकार. एकीची आई धनादेश लिहिते आणि मुलीची शस्त्रक्रिया होते. दुसरी रांगेत थांबते, शाळेत तिला ऐकू येत नाही, ती मागे पडते. फिल्म हृदयाला भिडणारी होती. ही गोष्ट एका खऱ्या मुलीवरून घेतली आहे असे पक्षाने सांगितले आणि इथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी मुलीचे नाव फुटले. तिच्या घरातच राजकीय मतभेद असल्याचे बाहेर आले. शस्त्रक्रियेला उशीर पैशांअभावी झाला की कारकुनी घोटाळ्याने, यावर तज्ज्ञ बोलू लागले. नाव कुणी फोडले यावरून नील किनॉक यांच्या पत्रकार परिषदेत रण माजले. त्या मुलीचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तिने ते कुणाला वापरायला दिले नव्हते.

चार-पाच दिवस सारा देश एका कानावर भांडला. रांगेतल्या लाखो लोकांना बरे करायला किती पैसे लागतील आणि ते कोण देणार, हा प्रश्न त्या गदारोळात कुठल्या कुठे गेला. हुजूर पक्ष मात्र नावेची बाजू विसरला नव्हता. फक्त ती त्याने प्रतिपक्षाच्या खात्यात लिहिली. मजूर पक्ष आला तर वर्षाला हजार-बाराशे पौंड जादा कर पडेल, अशी त्याची फलके जानेवारीपासून रस्तोरस्ती लागली होती. किनॉक यांचे अर्थप्रवक्ते जॉन स्मिथ यांनी तर कोणाचा कर किती वाढेल याचे पर्यायी अंदाजपत्रकच प्रामाणिकपणे छापून दिले होते. आरोग्यसेवेसाठी कोण बरे, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर मजूर पक्ष हेच होते. ९ एप्रिलला १ कोटी ४० लाखांवर लोकांनी हुजूर पक्षाला मत दिले. ब्रिटनमध्ये एका पक्षाला पडलेल्या मतांचा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

टोनी ब्लेअर यांनी या पराभवातून धडा घेतला, पण कसा? १९९७ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी आरोग्यसेवा वाचवायला चोवीस तास उरले आहेत असे बजावले. त्याच वेळी आयकराचे दर वाढवणार नाही, असेही वचन दिले. कागदी कारभारातून १० कोटी पौंड वाचवू आणि त्यातून लाखभर जादा रुग्णांवर उपचार करू, असे त्यांच्या वचनपत्रावर छापले होते. वचन जमेला आणि खर्च ‘काटकसर’ नावाच्या खात्यात! बँकेत असा प्रस्ताव आला असता तर आम्ही तो शेऱ्यानिशी परत पाठवला असता. ब्लेअर प्रचंड बहुमताने निवडून आले आणि सुमारे साडेअकरा लाखांची प्रतीक्षायादी १९९८ मध्ये तेरा लाखांच्या आसपास गेली.

या कथेत एक बँकवाला आहे, म्हणून तो मला विशेष जवळचा. डेरेक वॉनलेस हे नॅटवेस्ट बँकेचे माजी मुख्य कार्यकारी. पुढच्या वीस वर्षांत या सेवेला किती पैसा लागेल याचा हिशेब मांडायचे काम सरकारने त्यांना दिले. त्यांनी गोडगोड न बोलता सांगितले, की दुसऱ्या श्रीमंत देशांच्या मानाने आपण दशकानुदशके कमी खर्च केला आहे आणि आता बराच जास्त करावा लागेल. त्या आधारावर अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी २००२ च्या अंदाजपत्रकात नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी उघडपणे एक टक्क्याने वाढवली, आरोग्यासाठी म्हणून सांगून वाढवली. आभाळ कोसळले नाही. २००५ मध्ये पक्ष पुन्हा जिंकला. दरसालच्या पाहणीत या सेवेबद्दल समाधानी असणारे लोक १९९७ मध्ये ३४ टक्के होते, ते २०१० मध्ये ७० टक्के झाले. मात्र ज्या वर्षी हा उच्चांक गाठला, त्याच वर्षी मजूर पक्षाची सत्ता गेली. वेळेवर झालेल्या उपचाराबद्दल कुणी मत देत नाही. तो आपला हक्कच होता असे वाटते, आणि तसे वाटणेही चूक नाही.

आरोग्याचा प्रश्न निवडणुकीत निर्णायक ठरतच नाही का? ठरतो, पण एका गावापुरता. किडरमिन्स्टर हे गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथल्या इस्पितळातला अपघात विभाग २००० साली बंद झाला आणि रुग्णांना सुमारे २५ किलोमीटरवरच्या वूस्टरला जावे लागू लागले. तिथे नवे इस्पितळ उभे राहत होते ते खासगी भांडवलावर. कंपनीने बांधायचे आणि आरोग्यसेवेने पुढची कित्येक वर्षे हप्ते फेडायचे, अशी ती योजना. हुजूर पक्षाने १९९२ मध्ये तिचा श्रीगणेशा केला, मजूर पक्षाने ती धूमधडाक्याने वाढवली आणि २०१८ मध्ये सरकारने नवे करार बंद केले. कर्ज ते कर्जच, फक्त सरकारी वहीत ते दिसत नव्हते. किडरमिन्स्टरच्या लोकांनी २००१ च्या निवडणुकीत रिचर्ड टेलर या निवृत्त डॉक्टरला अपक्ष उभे केले आणि एका मंत्र्याला पाडून १७,६३० मतांच्या फरकाने संसदेत पाठवले. २००५ मध्ये पुन्हा पाठवले. इतके करूनही तो विभाग पूर्वीसारखा परत आला नाही. प्रश्न देशाच्या तिजोरीचा आणि उत्तर एका मतदारसंघाचे, हे गणित जुळणारे नव्हते.

उघडपणे हिशेब मांडणाऱ्याचे काय होते, ते २०१७ ने दाखवले. वृद्धांची घरी किंवा आश्रमात होणारी शुश्रूषा तिकडे या मोफत सेवेत बसत नाही. तो खर्च ऐपत असणाऱ्याने करायचा असतो. थेरेसा मे यांनी जाहीरनाम्यात सांगितले, की घरी शुश्रूषा घेणाऱ्यांच्या ऐपतीत त्यांच्या घराची किंमतही धरू. शेवटचे एक लाख पौंड मात्र सोडू. विरोधकांनी त्याला ‘स्मृतिभ्रंशावरचा कर’ म्हटले. चार दिवसांत मेबाईंना माघार घ्यावी लागली, प्रचाराच्या सुरुवातीची वीसेक टक्क्यांची आघाडी विरली आणि बहुमत गेले. योजना सदोष होती हे खरे. पण पुढाऱ्यांनी घेतलेला धडा निराळाच होता : निवडणुकीत बिल दाखवायचे नाही.

मग २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी चाळीस नव्या इस्पितळांचे वचन दिले. ही सेवा अमेरिकेला विकायला काढली आहे, असे म्हणत जेरेमी कॉर्बिन यांनी कागदांचा गठ्ठा नाचवला. मतदानाला तीन दिवस असताना लीड्सच्या इस्पितळात जमिनीवर कोटांवर निजलेल्या चार वर्षांच्या मुलाचा फोटो आला. तो दाखवू पाहणाऱ्या वार्ताहराचा फोनच जॉन्सन यांनी खिशात घातला. तरीही जॉन्सन यांना ८० चे बहुमत मिळाले आणि मजूर पक्षाला १९३५ नंतरच्या सर्वांत कमी जागा. फोटो खरा होता, संतापही खरा होता, पण संतापाच्या मागे हिशेब नव्हता. कोविडनंतर जॉन्सन यांनी आरोग्यासाठी म्हणून वर्गणी वाढवली, ती त्यांच्याच पक्षाच्या पुढच्या सरकारने २०२२ मध्ये रद्द केली.

२०२४ च्या जूनमध्ये मी मुलीकडे, लंडनच्या पश्चिमेला राहिलो होतो. दारातून रोज पत्रके पडत आणि प्रत्येकावर आरोग्यसेवेचा तो ओळखीचा निळा रंग. सकाळी आठला डॉक्टरच्या दवाखान्याचा फोन सुरू होई आणि मुलगी आठला पाच कमी असल्यापासून बोट तयार ठेवून बसे. शेजारचे गृहस्थ सत्तरीचे, खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा महिने थांबलेले. मी त्यांना विचारले, कर वाढला तर द्याल का? ते म्हणाले, “देईन. पण आधी रांग हलताना दिसू दे.” आणि सरकार म्हणते, आधी पैसे द्या, मग रांग हलेल. या दोन वाक्यांच्या मध्ये ब्रिटनचे राजकारण अडकलेले आहे.

तेव्हा प्रतीक्षायादीत ७५ लाखांवर नोंदी होत्या. ऋषी सुनक यांनी ती कमी करायचे दिलेले वचन पाळता आले नसल्याचे स्वतःच मान्य केले होते. मजूर पक्षाने आठवड्याला ४० हजार जादा तपासण्यांचे वचन दिले आणि काम करणाऱ्यांचा कर वाढणार नाही असेही सांगितले. दोन्ही मोठे पक्ष पैशांबद्दल मिळून मौन पाळत आहेत, असा इशारा अर्थतज्ज्ञांच्या एका मान्यवर संस्थेने प्रचारातच दिला. ३३.७ टक्के मतांवर मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या आणि ऑक्टोबरच्या अंदाजपत्रकात मालकांची नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाली. नावेची बाजू लिहिली गेली, पण मतपेटी बंद झाल्यावर. अशा वेळी पैसे देणाऱ्याला फसवले गेल्यासारखे वाटते आणि पुढच्या वचनावरचा विश्वास आणखी कमी होतो. समाधानी लोकांचे प्रमाण त्या वर्षी २१ टक्क्यांवर आले होते, पाहण्या सुरू झाल्यापासूनचे सर्वांत कमी.

परक्या देशाच्या या हिशेबाची मला एवढी उठाठेव का? एक कारण नात्याचे आहे. १९६०-७० च्या दशकांत मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेली आपली कितीतरी मुले-मुली या सेवेत गेली. जिथे गोरे डॉक्टर जायला तयार नसत अशा वेल्सच्या खाणखोऱ्यांत, वृद्धांच्या वॉर्डांत भारतीय डॉक्टरांनी आयुष्ये घालवली. बेव्हन यांची सेवा बेव्हन यांच्याच मुलखात त्यांनी चालवली.

दुसरे कारण बँकेचे. सांगली जिल्ह्यातल्या शाखेत असताना सोनेतारण कर्जाच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात ‘पीक’ लिहिलेले असे. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात मात्र मिरजेच्या दवाखान्याचा घडी घातलेला कागद असे. पाटल्या तराजूत पडताना त्या बाईंची मान खाली असे. खेड्यातली कितीतरी घरे एका शस्त्रक्रियेने दहा वर्षे मागे गेलेली मी पाहिली आहेत. बेव्हन यांनी १९५२ मध्ये पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ ‘भीतीच्या जागी’ असा आहे. ती भीती म्हणजे आजारापेक्षाही बिलाची भीती. ती एका देशाने कायद्याने घालवली, ही गेल्या शतकातली फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच, भीती घालवायला जन्मलेली ही सेवा दर निवडणुकीत ‘ती जाईल’ या भीतीवर विकली जाते, तेव्हा वाईट वाटते.

रांगेतल्या माणसाला वर्षभराची तारीख मिळते, मग ज्याला शक्य आहे तो साठवलेले पैसे काढून खासगी इस्पितळात जातो. असे जाणारे वाढले, की कर कशाला द्यायचा असे विचारणारेही वाढतात. सेवा कुणी कायद्याने मोडत नाही; पैसे भरणारे एक एक करून रांगेतून निघून जातात. ब्रिटनच्या मतदाराला पुढच्या वेळी दारात उमेदवार भेटेल, तेव्हा त्याने ही सेवा तुम्हाला किती आवडते हे विचारू नये. ती सगळ्यांनाच आवडते. माझ्या नावे किती पडणार आणि त्याने रांग किती महिन्यांनी कमी होणार, एवढे दोन आकडे मागावेत. गॉर्डन ब्राउन यांनी एकदा ते दिले होते आणि लोकांनी पैसे मोजले होते.